सागाच्या जंगलातला हिरवा पट्टा

पैनगंगा अभयारण्यात कुठं कोणती झाडं एकमेकांच्या सोबतीनं वाढतात, याचा नकाशा करायचं काम आम्हा दोघींकडं आलं होतं. मी चाकूरची, बांधावरच्या बाभळी-लिंबांत वाढलेली. मैत्रीण नांदेडची, तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. वनस्पतिशास्त्र दोघींनी एकाच बाकावर बसून शिकलेलं.

उन्हाळ्यात साग पानं टाकतो, म्हणून उपग्रहाच्या चित्रात इस्लापूरकडचं जंगल नुसतं मातकट दिसायचं. त्यात एकदा मला बारीकसा हिरवा पट्टा दिसला. आमच्या मार्गदर्शक सरांना दाखवला.

"ऊस असंल कुणाचा," सर म्हणाले.

"अभयारण्याच्या आत?" मैत्रिणीनं विचारलं.

सर हसले. "मग बघूनच या की."

दुसऱ्याच दिवशी निघालो. सोबतचे वनरक्षक भोकरकडून नुकतेच बदलून आलेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. "तिकडं मीबी अजून गेलो न्हाई," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

पायाखाली सागाची वाळकी पानं कुरकुरत होती. साग, धावडा, पुन्हा साग. घाम डोळ्यांत उतरायला लागला. मोबाईलवरचा आमचा ठिपका पट्ट्याच्या जवळ आला, तरी समोर हिरवं काहीच नाही. मी हिरमुसले. तेवढ्यात उतार लागला आणि तोंडावर गार वारा आला.

"वास घे, ओल्या मातीचा!" मैत्रीण ओरडली आणि पळतच सुटली.

खाली कोरड्या नाल्याच्या दोन्ही काठांनी अर्जुनाचे वृक्ष उभे होते. पांढुरके, गुळगुळीत, दोघींच्या कवेत न मावणारे. मधेमधे जांभूळ, करंजाला नवी तकतकीत पालवी. खडकाच्या फटीतून पाणी झिरपत होतं.

"या अल्ला, कित्ते मोठे!" मैत्रीण एका खोडाला बिलगली. मी तर चक्क किंचाळले.

"हळू, पोरींनो! अस्वलं हायत इकडं," मामा दटावत होते, पण हसू त्यांनाही आवरेना.

दोरीनं चौकोन आखून झाडं मोजली. मग पट्ट्याची कड शोधायची होती. तिथं आमचं भांडण जुंपलं.

"साग इथून सुरू होतो," ती म्हणाली.

"न्हाई, तो बघ, खाली अजून एक जांभूळ हाय."

शेवटी ती जीपीएस घेऊन कडेकडेनं चालली आणि मी आतून झाडांची नावं ओरडत राहिले. पट्टा संपतच नव्हता! टेकडीला वळसा घालून तो पलीकडं गेला होता. टेकडीच्या सावलीमुळं चित्रात एवढा भाग दिसलाच नव्हता. भाकरी खायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही.

परतताना टेकाडावर रेंज आली. मी धापा टाकत सरांना सगळं सांगितलं.

"सर, ऐकताय ना?"

"ऐकून राहिलो. उद्या मीबी येतो."

आले ते भल्या सकाळी, आमच्या आधी तयार होऊन. नकाशात त्या झाडीला वेगळा रंग द्यायचा, हे त्यांनी नाल्यात उभं राहूनच ठरवलं. कोणता द्यायचा, यावरून आम्ही तिघं जीपमध्ये इस्लापूरपर्यंत वाद घालत आलो.