आखाजीच्या आदल्या दिवशी अलाइनमेंट

नवऱ्याने हौसेने गाडीच्या स्प्रिंगा कापून घेतल्या आणि गाडी पार जमिनीला टेकली. तेव्हापासून दर गतिरोधकाला मी उतरायचं, चालत पलीकडे जायचं आणि पुन्हा बसायचं, असा आमचा संसार. वजन कमी झालं की म्हणे गाडीचं पोट घासत नाही. धुळ्याहून निघालो तर पारोळ्यापर्यंतच माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी नशिराबादला चालले होते. आमच्या खानदेशात दिवाळी एक वेळ चुकेल, पण आखाजीला लेक आली नाही तर आईला घास उतरत नाही. मागची दोन वर्षं काही ना काही निघून माझं जाणं राहिलं होतं. यंदा गाडी सारखी डावीकडे ओढायला लागली. टायर आतून झिजून तार दिसत होती, म्हणून जळगावात शिरताच चाकं सरळ जुळवून देणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानात थांबलो.

फळ्या टाकून गाडी कशीबशी यंत्रावर चढवली. इतक्या खाली बसलेल्या गाडीचं माप माणसं आत बसवूनच घ्यावं लागतं, असं मिस्त्री म्हणाला. नवऱ्याला खाली उभं राहून मिस्त्रीला अक्कल शिकवायची होती, म्हणून ड्रायव्हरच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं आणि शेजारी मला. गाडी वर गेली. दार उघडून पाहिलं तर खाली पुरुषभर मोकळं.

‘ताई, हालू नका, बठ्ठं माप बिघडी जाई,’ मिस्त्री खालून म्हणाला.

मी पोत्याशेजारी पोत्यासारखी बसून राहिले. आईचा फोन वाजत होता आणि पर्स मागच्या सीटवर होती. ऊन कलत चाललं. चाकं काही जुळेनात. स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटं उंच करा, असं मिस्त्रीने सांगून पाहिलं, पण नवरा बधेना. तेव्हा मिस्त्रीने विचारलं, ‘भाऊ, गाडीमा रोज कितला जन बठतस?’

‘मी एकटाच,’ नवरा म्हणाला. ‘ही नसतेच. हिला उतरवून माप लावा.’

गाडी खाली आली. राग यायला हवा होता, पण आधी मोकळंच वाटलं. मागच्या सीटवरची पर्स घेतली, डिकीतून पिशवी काढली आणि रस्त्यावर येऊन नशिराबादची रिक्षा थांबवली. पाच मिनिटांत होईल, असं नवरा मागून ओरडत होता.

आईने दारातच माझ्यामागे पाहिलं आणि जावई कुठे म्हणून विचारलं. गाडीचं काम निघालं, मागून येतील, असं मी सांगितलं. येऊच नयेत, असं मला वाटत होतं. ते मात्र तिला सांगता आलं नाही.