शिक्केअप्पांचा नंदी

आमच्या चाकूरला अमेरिकेहून कुणाचं पोरगं सुट्टीला आलं, की आईनं भाकरतुकडा ओवाळायच्या आधी शिक्केअप्पा दारात हजर. "शिक्का आणला का?" एवढंच विचारायचे. कसा आहेस, कधी आलास, काही नाही. पोरगं बिचारं उंबऱ्यातच खिसे उलटे करायचं.

अप्पा म्हणजे पेठेतले लिंगायत वाणी, किराण्याचे दुकानदार. आधी निजामाचे शिक्के, म्हणजे जुनी नाणी, जमवायचे. मग कुणाच्या तरी नातवानं अमेरिकेची पावली, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, हातावर ठेवली आणि अप्पा कामातून गेले. तूरडाळ मागणारं गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि अप्पा त्याला सांगत बसलेले, की अमेरिकेनं एकेका राज्याच्या नावानं वेगळी पावली काढली. "आपल्या मराठवाड्याची कधी निघंल, बापू?" मला विचारायचे. मी म्हणायचो, "आधी रस्त्याचे खड्डे बुजू द्या, मग पावल्या पाडू."

अमेरिकेचं दहा सेंटांचं नाणं पाच सेंटांच्या नाण्यापेक्षा बारकं, आणि त्यावर दहाचा आकडासुद्धा नाही. मी म्हटलं, "अप्पा, ज्याला दहा मोठं का पाच मोठं ते कळंना, त्या देशाचं काय कौतुक करायलात?"

"ते पूर्वी चांदीचं होतं, म्हणून बारकं. चांदी गेली, तोरा तेवढा राहिला. तुझ्या पाटीलकीसारखा."

शाळा मी चौथीतच सोडली, पण बैलाचं मला कळतं. हाळीच्या बैलबाजारात जोडी घेणारा माणूस आधी मला दात बघायला लावतो, मग विसार देतो. हे अप्पांना पुरतं ठाऊक होतं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

एकदा अप्पा नांदेडला नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले आणि अमेरिकेचं एक जुनं पाच सेंटांचं नाणं घेऊन आले. एका बाजूला केसांत पिसं खोवलेला, वेणी घातलेला माणूस. दुसऱ्या बाजूला दांडगं जनावर. विकणारा म्हणाला, "हा इंडियन." त्याला म्हणायचं होतं अमेरिकेतले मूळचे रहिवासी. अप्पांनी ऐकलं भलतंच. "इंडियन म्हणजे आपला माणूस. डोक्याला जटा. मागं नंदी. आता तूच सांग हा कोण." अमेरिकेनं नाण्यावर महादेव पाडला, असं पेठेत जाहीर झालं आणि नाणं दुकानातल्या देव्हाऱ्यात जाऊन बसलं.

नंदीला फक्त माझा दाखला हवा होता. "देवणी म्हणावा का लालकंधारी?" अप्पांनी जात विचारली. मी नाणं उन्हात धरलं. हनुवटीखाली दाढी, मानेवर झुलपं, शिंग आखूड.

"अप्पा, हा रेडा हाय. रानातला."

"रेड्याला वशिंड असतं का?"

"बैलाला दाढी असती का? विकणाऱ्यानं बफेलो म्हटलं असंल, बघा."

अप्पांनी नाणं माझ्या हातातून काढून घेतलं. विकणारा तसं म्हणालाच होता. मी जाता जाता बोललो, "देव्हाऱ्यात यमाचं वाहन बांधलंत."

तेव्हापासून दर सोमवारी अप्पा ते नाणं चिंच लावून, विभूतीनं घासून लख्ख करू लागले. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्यानं त्याची किंमत जाते, हे अप्पाच अख्ख्या पेठेला शिकवायचे. नंदीला तो नियम नव्हता. आधी नाणं पाडल्याचं साल गेलं. ते म्हणे या नाण्यावर उंचवट्यावरच असतं, पहिलं तेच झिजतं. मग शिंग गेलं. मग दाढी. दाढी म्हातारा मुद्दाम घासायचा, असं माझं ठाम मत आहे.

पुढे अप्पांनी अंथरूण धरलं. त्यांच्या बायकोनं, अव्वांनी, मला बोलावून घेतलं. अप्पा खाटेवर, नाणं मुठीत.

"बापू, तू रेडा म्हणलास, ते डोक्यातून जाईना. रेडा असंल तर त्याला मीच घरात आणला म्हणायचं, मला न्यायला. नंदी असंल तर भ्या न्हाई. एकदा नंदी म्हण."

दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. पण बैलाबद्दल मी उभ्या जन्मात खोटं बोललो नाही, आणि म्हणूनच त्यांना ते माझ्याच तोंडून हवं होतं. मी नाणं खिडकीशी नेलं. शिंग नाही, दाढी नाही, शेपूट नाही. गुळगुळीत चकतीवर पाठीची रेघ तेवढी राहिली होती, आणि त्या रेघेवर एक उंचवटा.

"अप्पा, वशिंड हाय."

"मग?"

"रेड्याला वशिंड नसतं."

"मग नंदी म्हण की सरळ, मुडद्या."

"शिंग ठेवलं असतं तर म्हणलो असतो."

अप्पा इतके हसले, की अव्वा पाणी घेऊन धावत आल्या.

त्याच आठवड्यात ते गेले. समाधीवर माती लोटून आम्ही परतलो, तेव्हा अव्वांनी नाणं माझ्या हातात ठेवलं. "म्हणले, बापूच्या दावणीला बांधा."

गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलंय. नंदी मी अजून म्हटलेलं नाही. परवाच्या पोळ्याला बैलांना ओवाळून सून ताट घेऊन कोनाड्यापाशी थांबली. "मामा, हा बैल हाय का रेडा?"

"अप्पांचा हाय," मी म्हटलं. "पुरणपोळीचा निवद दाव त्याला."