एम्प्टी रूममध्ये मुरुगन

मुरुगन खाली बसला होता आणि वर बघून हसत होता. मॅनहोलमधून, म्हणजे माणूस जेमतेम उतरेल एवढ्या गोल तोंडातून, माझ्या टॉर्चचा झोत त्याच्या चेहऱ्यावर पडला. डोळे उघडे होते. पापणी हलत नव्हती.

"मुरुगन!" टॅन सर ओरडले. हाक पोलादावर आपटून परत वर आली, तेव्हा ती त्यांची वाटेना.

मी सिंगापूरच्या उत्तरेला एका शिपयार्डात सेफ्टी ऑफिसर आहे. हे जहाज नॉर्वेत बांधलेलं, जुनं, आमच्याकडे दुरुस्तीला आलेलं. दारादारावर नॉर्वेजियन पाट्या. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर टॅन सर यांनी त्या इंग्रजीत करायला घेतल्या आणि चार शब्द येताच मला शिकवायला बसले.

"ईझी लाह, मॅडम. 'रोम' म्हणजे खोली. पुढे काहीही जोडा. मास्किनरोम, इंजिन रूम. पुम्पेरोम, पंप रूम."

"आमच्याकडेही तसंच. देवघर, कोठीघर, न्हाणीघर."

"सी? सेम सेम!"

मग 'टोमरोम' आलं. 'टोम' म्हणजे रिकामं. सरांनी जहाजाचं ड्रॉइंग उघडलंच नाही. शब्दाची फोड केली आणि झाकणावर 'एम्प्टी रूम' चिकटवलं. जहाजाच्या भाषेत ती व्हॉइड स्पेस, म्हणजे तळाजवळची बंद पोलादी पोकळी. लोखंड गंजताना तिथल्या हवेतला ऑक्सिजन खातं. वास येत नाही, धूर दिसत नाही. म्हणून हवा तपासून परमिट दिल्याशिवाय तिथे कोणी उतरायचं नाही.

मुरुगन पेंटिंगचा मुकादम, यार्डात मुरलेला माणूस. 'व्हॉइड' वाचलं असतं तर परमिट मागायला आधी माझ्याकडे आला असता. 'एम्प्टी रूम' वाचून रंगाचे डबे ठेवायला जागा बघू म्हणून त्याने झाकण काढलं आणि शिडीने उतरला.

मी रेडिओवर रेस्क्यू टीमला बोलावलं आणि हवा तपासायचा मीटर दोरीने खाली सोडला. खाली ऑक्सिजन कमी होता, मीटर किंचाळायला लागला.

"मुरुगन मला बोलावतोय," टॅन सर म्हणाले.

"कोणी बोलावत नाहीये, सर."

"ऐका ना! कम, कम म्हणतोय."

मी कान दिला. मीटरखेरीज काही नव्हतं. मुरुगनचे ओठ मिटलेले होते.

सरांनी एक पाय आत घातला. मी मागून त्यांची कॉलर धरली.

"सोडा मला! लेबल मी लावलंय!"

"तुम्ही उतरलात की टीमला दोघांना काढावं लागेल."

"तो मरेल!"

"मरेल कदाचित."

हे मीच बोलले, आणि मला माझीच भीती वाटली. वर ऊन भाजत होतं. त्या तोंडातून मात्र गार हवा पायाला लागत होती. खाली तो तसाच हसत होता. मी कॉलर सोडली नाही.

टीम पाठीवर हवेची टाकी लावून उतरली. मुरुगन वाचला. बोलू लागल्यावर आम्ही दोघं त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. सरांनी सफरचंदं घेतली होती.

"हाक?" मुरुगन म्हणाला. "नाही मॅडम. तोंडच उघडत नव्हतं. पण भीती नाही वाटली. टॅन सर खाली येऊन शेजारी बसले होते ना, माझा हात धरून."

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

ऑक्सिजन कमी पडला की मेंदू नाही ते दाखवतो, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण टॅन सर तर वर होते, मोकळ्या हवेत. त्यांना कोणी बोलावलं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

ट्रेनिंगमध्ये आता नव्या लोकांना एवढंच सांगते. बंद जागेतून हाक आली तर ओ द्यायची नाही. आधी मीटर सोडायचा.