चेन मातीला लावाची नाय

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही दोन खाल्ले, तोंडभर हसले आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसले. पंचेचाळिशीत पोरीचं जमलं म्हणून अख्खं गाव खूश होतं. मीही होते. पण ही बया गेली तर माझं कसं व्हायचं, हे कुणी विचारलंच नाही.

आमचं गाव नायगावच्या खाडीकडेला. पुढे टॉवर, मागे आमची वाडी. चिकू, आंबे, माड, आणि कडेला चिंचा नि शिरीष. मी मुंबईत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा झाड म्हणजे कुंडीत मावतं तेवढंच, अशी माझी समजूत. नणंद माझ्याहून थोडी लहान. मी तिला थट्टेने वन्सं म्हणते आणि वर अगं-तुगं करते. ती मला वयनी म्हणते आणि दिवसभर कामाला जुंपते. आमचं दोघींचं असं छान चाललं होतं.

मागे एका वादळात आंबा गोठ्यावर आडवा झाला. फांद्या तोडणारे रोज ‘उद्या येतो’ म्हणत. नणंदेने काही दिवस त्यांचं ऐकून घेतलं, मग पदर खोचून गेली आणि पेट्रोलवर चालणारी चेनसॉ घेऊन आली. गावात त्याला कटर म्हणतात, आमच्या घरात मशीन. घरातल्या पुरुषांनी मशीन उचलून पाहिलं, ‘जड आहे हां’ म्हणाले आणि चहाला गेले. आमच्या ह्यांनी एकदा चालवून बघितलं. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं टोक लाकडाला लागलं आणि मशीन उसळी मारून कपाळापर्यंत आलं. ब्रेक पडला म्हणून वाचले. त्यानंतर ह्यांनी मशीनकडे लांबून बघायचं ठरवलं, आणि तेच बरं होतं.

मशीन नणंदेचं, आणि मी तिची मदतनीस. तिने मला घोटून घोटून शिकवलं. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मापानेच घालायचं, आपल्या जुन्या स्कूटरला घालायचो तसं, अंदाजपंचे नाही. चेनचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. पेट्रोल भरायचं तर आधी इंजिन गार होऊ द्यायचं, आणि भरल्या जागी सुरू करायचं नाही, लांब न्यायचं. सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत पाय घट्ट. हातात लोंबकळत धरून दोरी ओढली की नणंद शिव्यांची लाखोली वाहायची. खांद्याच्या वर उचलायचं नाही. शिडीवर तर नाहीच नाही. आणि साडी, गाऊन, ओढणी, मोकळे केस, काही म्हणजे काही चालणार नाही. मग मी ह्यांची जीन्स, गमबूट, गॉगल, डोक्यावर हेल्मेट आणि आवाज अडवायला कानांवर ते मोठे डबे अशी वाडीत उभी राहायचे. पहिल्या दिवशी आमचा कुत्रा माझ्यावर भुंकला.

पण सगळ्यात वरचा नियम एकच. “वयनी, काय पन कर, चेन मातीला लावाची नाय.” क्षणभर जरी माती लागली तरी दात मरतात. मग बोथट चेन जोर मागते, आणि जोर लावला की मशीन अंगावर येतं. ती मला लाकडाचा भुसा हातात घेऊन दाखवायची. चेन धारदार असली की खोबऱ्यासारखा किस पडतो, बोथट झाली की पीठ. पीठ दिसलं की लगेच बंद करायचं. मग ओट्यावर बसून ती गोल कानशीने एकेक दात घासायची, एकाच दिशेला, प्रत्येक दाताला सारखे हात. मी शेजारी लसूण सोलत बसायचे. गावातल्या यच्चयावत भानगडी मला त्या कानशीच्या आवाजावर कळल्या आहेत.

आता लग्न जमलं कसं ते सांगते. त्याला कारण आमचे हे.

दसऱ्याला मशीनची पूजा व्हायलाच हवी, असा ह्यांचा हट्ट. नणंदेने चेन काढून साफ करायला भिजत घातली होती आणि ती झेंडू आणायला बाजारात गेली होती. ह्यांनी मशीन पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. त्या बाजूच्या जाळीतून थेट आत. मग नारळ. तो कुठे फोडावा? पट्टीवर. पहिल्या दणक्याला फुटला नाही, म्हणून ह्यांनी वरून कोयत्याची पाठ हाणली. नारळ टुणकन घरंगळला आणि कोयता पट्टीच्या कडेवर बसला. चेन जिच्यातून फिरते ती खाचच चेपली. नणंद आली, तिने पट्टीवर बोट फिरवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. तिने असं बघितलं की आमचे हे आपोआप गोठा झाडायला जातात.

तांदूळ तिने टूथब्रशने काढले. पट्टी घेऊन मात्र गोखिवऱ्याला एका वर्कशॉपमध्ये जावं लागलं. मालक पन्नाशीचा, विधुर, बोटं तेलाने काळी. त्याने विचारलं, “हे कोणी केलं?” ही म्हणाली, “माझ्या भावाने. पूजेत.” तो माणूस इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. मग त्याने खाच उघडून दिली आणि म्हणाला, पट्टी अधूनमधून उलटी करून लावत जा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. ही म्हणाली, “ते मला माहीत हाय.” तो म्हणाला, “मग चहा घ्या.”

त्यानंतर आमच्या मशीनला काय एकेक आजार जडले म्हणून सांगू. आज प्लग, उद्या फिल्टर, परवा दोरी. दर खेपेला गोखिवरे. एकदा तर मशीन ठणठणीत चालू असताना ही म्हणाली, “आवाज बदलल्यासारखा वाटतोय.” आवाज बदललाच होता, पण मशीनचा नव्हे. मी मशीन पिशवीत भरून दिलं. मला हसूही येत होतं आणि तिच्याशिवायचा ओटाही दिसत होता. आमचे हे मात्र अजून सगळ्यांना सांगतात की लग्न त्यांच्या नारळाने जुळवलं.

हळदीचा दिवस उजाडला. दारात मांडव, नातेवाईक, सगळ्या बायका पिवळ्याधमक साड्यांत. नणंदेला घरची हळद लावून झाली आणि त्याच वेळी पाण्याचा टँकर गल्लीत शिरला. त्याने शिरीषाच्या फांदीला अशी धडक दिली की ती मोडून गल्लीत आडवी पडली. एक टोक अजून खोडाला चिकटलेलं, दुसरं समोरच्या कुंपणावर, मधे पोट लोंबतंय. टँकर पलीकडे, त्याच्या मागे आचाऱ्याचा टेंपो, टेंपोच्या मागे नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आलेली गाडी. अलीकडे आम्ही, पाण्याचा थेंब नाही.

नणंद उठलीच. तशीच, हळदीने माखलेली, मशीन ठेवलेल्या खोलीकडे निघाली. चार म्हाताऱ्या आडव्या झाल्या. हळद लागलेल्या नवरीने मांडवाबाहेर पाय ठेवायचा नाही, आणि ही कटर घेऊन निघाली. झाडवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, उद्या येतो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचे हे तर अगदी कौतुकाने बघत होते.

मी आजवर कापले होते ते जमिनीवर निवांत पडलेले ओंडके, तेही ती शेजारी असताना. अशी ताणलेली फांदी कधीच नाही. ती कुठून उसळेल, पट्टी कुठे चिमटेल, काही सांगता येत नाही. मी आत जाऊन पिवळी साडी फेडली, जीन्स चढवली. डोक्यातला गजरा काढायचा राहिला, तो हेल्मेटमध्येच गेला. बाहेर आले तर नणंद ओट्याच्या अगदी कडेवर उभी. म्हणाली, “मी सांगते तसा कर. हात वर केला का मशीन बंद.”

पण ओटा कुठे आणि गल्ली कुठे. पोरांनी मांडवात स्पीकर लावलेला, तो बंद करायला कुणाला सुचेना. तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचेना. तेव्हा आमची धवलारीण पुढे झाली. धवलारीण म्हणजे लग्नाचा प्रत्येक विधी गाण्यातून लावणारी बाई. आमची सत्तरीची आहे, आणि तिचा आवाज स्पीकरच्या वरून जातो. तिने नणंदेच्या तोंडाला कान लावला आणि मांडवाच्या दारात उभं राहून हळदीच्याच चालीवर सुरू केलं:

“डावा अंगठा गो वयनी, दांडीला आवळ,
नाक लाकडाला गो वयनी, लावू नको जवळ.”

नाक म्हणजे पट्टीचं टोक. मागच्या बायकांनी ओळ उचलली. मी मशीन जमिनीवर ठेवलं, ब्रेक लावला, पाय दाबला, दोरी ओढली. सुरू झालं. पुन्हा बंद केलं, कारण पुढचं कडवं ऐकायचं होतं.

“वरशी थोडा काप गो वयनी, खालशी मंग,
उभी ऱ्हा बाजूला गो वयनी, देऊ नको अंग.”

मला इतकं हसू आलं की गॉगलवर वाफ धरली. हसत हसत मशीन धरायचं नसतं, म्हणून खाली ठेवून आधी हसून घेतलं. मग बाजूला उभी राहिले. पोट लोंबणाऱ्या फांदीची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली, म्हणून वरून थोडाच काप घ्यायचा, पट्टी चिमटायच्या आत काढायची. घेतला. पांढरा किस उडत होता. चेनला धार तिनेच आदल्या दिवशी लावलेली, लग्नाच्या गडबडीत, मेंदीच्या हाताने.

आता खालून. तिथे मी थांबले. खोटं कशाला बोलू, मनात आलं, राहू दे ही फांदी इथेच. आज टँकर आला नाही, गाडी आली नाही, तर निदान आजचा दिवस ती माझी. वळून बघितलं तर ओट्यावर ती, पिवळी गच्च, दोन्ही हात छातीशी धरलेले. ती टँकरकडे बघत नव्हती, गाडीकडेही नाही. माझ्या पायांकडे बघत होती, मी नीट उभी आहे ना म्हणून. मी तोंड फिरवलं आणि खालून पट्टी लावली. मशीन मागे रेटत होतं, मी धरून ठेवलं. फांदी कडाडली आणि धपकन खाली बसली, माझ्या बुटांपासून चांगली लांब.

मग काय विचारता. पुरुषांनी फांदी ओढून बाजूला केली. टँकर आला, टेंपो आला, उष्टी हळद आली. बायकांनी मला गमबुटांसकट मांडवात ओढलं आणि नणंदेने पहिली मूठ माझ्याच गालाला फासली. आम्ही दोघी हसत होतो आणि रडत होतो, आणि हळदीत ते कुणाला कळत नव्हतं. कुत्रा पुन्हा माझ्यावर भुंकला.

जाताना मशीन तिने इथेच ठेवलं. म्हणाली, “तिकडं फ्लॅटमधी झाडा कुठं हायत. कानस मातुर मी नेते. चेन बोथट झाली का फोन कर, आयतवारी येऊन धार लावून देईन.”

आता खरं सांगायचं तर मी महिन्याभरातच दुसरी कानस आणली आणि चेनला धार लावायला शिकले. किस अस्सा पडतो. पण शनिवार आला की मी गॉगल, बूट, सगळं चढवते, मशीन सुरू करते आणि चिकूच्या बुडाशी चेन अलगद मातीला टेकवते. मग फोन करते, “वन्सं, पीठ पडतंय गं.” रविवारी ती येते, ओट्यावर बसते, शिव्या घालते आणि कानस चालवते. मी लसूण सोलते. गोखिवऱ्याचे सगळे किस्से मला आता पाठ आहेत.

गेल्या शनिवारी पाहुणे आले आणि माझं माती लावायचं राहून गेलं. रविवारी ती आली, चष्मा लावला, चेन मांडीवर घेतली. दात चकचकीत. माझ्या हातचे. तिने एक दात बघितला, दुसरा बघितला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी लसणात मान घातली. मेले आता, म्हटलं.

ती उठली. चेन चढवली, ताण बघितला, बूट घातले, गॉगल लावला, मशीन घेऊन चिकूच्या बुडाशी गेली. सुरू केल्याचा आवाज आला, मग एक खरखर, मग बंद. परत येऊन तिने मशीन गार व्हायला ठेवलं आणि पाय पसरून माझ्या शेजारी बसली.

“पार बोथट झालीय गो वयनी,” ती म्हणाली. “सगला दिवस जाईल. जेवाला काय केलंस?”