दुसऱ्या कार्डाची धास्ती

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा शहरात बँकांच्या शाखा वाढल्या आणि त्यातल्या एका शाखेत भामाबाई क्लार्क म्हणून लागल्या. पोरगी काउंटरमागं बसलेली बघायला त्यांचा बाप निलंग्याहून आला, पण आत पाऊल न टाकता बाहेरच्या पायरीवरच बसून राहिला. भामाबाईंनी पुढं सगळी नोकरी कर्जाच्या फायलींत काढली. एकाच शेतावर दोन बँकांचं कर्ज उचलणारा माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नसे. भल्याभल्यांना त्यांनी साहेबांपुढं उभं केलं होतं.

अशी ही खमकी बाई रिटायर झाल्यावर भित्री झाली. नवरा आधीच गेलेला, आणि पाठोपाठ दोन्ही किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात सुई टोचून घ्यायची, मशीन रक्त धुऊन परत द्यायचं. बँकेनं निवृत्तांसाठी काढलेल्या विम्यातून खर्च भागत होता.

दुसरा विमा होता मुलीच्या कंपनीचा. पंचशीला पुण्यात नोकरीला होती, तिनं पॉलिसीत आईचं नाव घातलं आणि कार्ड पाठवून दिलं. "एक संपली की दुसरी उपयोगी पडते, आई," तिनं फोनवर समजावलं. भामाबाई हो हो म्हणाल्या आणि कार्ड कपाटात शालीच्या घडीत सरकवून मोकळ्या झाल्या. एका दुखण्यावर दोन विमे म्हणजे त्यांच्या लेखी एका शेतावर दोन कर्जंच. उद्या पकडलं तर? आणि आपल्यापायी पोरीची नोकरी गेली तर?

त्यातच तो दुष्काळाचा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले, लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं. डायलिसिसच्या मशीनला तर पिंपंच्या पिंपं पाणी लागतं. एका सकाळी भामाबाई नेहमीसारख्या खाटेवर जाऊन बसल्या, तर मशीन गप्प.

"मावशी, टँकर आला न्हाई," मशीन सांभाळणारा भुजंग म्हणाला. "सकाळपासून वाट बघून राहिलो."

दुपार टळली तरी टँकर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण त्या पाण्यात फक्त अगदी अत्यवस्थ पेशंटांचंच डायलिसिस झालं. मग दवाखान्यानं तो विभागच काही दिवस बंद ठेवायचं ठरवलं.

"नांदेडला जा मावशी," भुजंग म्हणाला. " विष्णुपुरी धरणाचं पाणी हाय तिथं. पण थांबू नका, लई सूज चढली तुम्हाला."

बाहेर पडताना विम्याच्या खिडकीतल्या माणसानं हटकलं, "बाई, तुमच्या पॉलिसीची यंदाची रक्कम संपत आलीय बरं का."

भामाबाई मनात हिशेब करत निघाल्या. घरी आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. पंचशीलाला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मी थेट नांदेडला पोचते. तू सकाळच्या गाडीनं नीघ. अन् माझं कार्ड घेऊन ये."

कार्ड त्यांनी पिशवीच्या तळाशी घातलं. एसटी लोह्याच्या पुढं गेली तसा श्वास अपुरा पडायला लागला. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता, पण आत काही जात नव्हतं. इथं बसमध्येच आपलं काही झालं तर पोरीला कोण सांगणार, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. नांदेडच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं हाताला धरून उतरवलं आणि रिक्षात बसवलं.

दवाखान्यात त्यांना चाकाच्या खुर्चीवर घेतलं. बँकेच्या विम्याचं कार्ड बघता बघता विम्याचं काम बघणारी रत्नम्मा वाकून म्हणाली, "मावशी, दुसरी कुठली पॉलिसी हाय का?"

भामाबाईंचा हात पिशवीवर घट्ट दाबला गेला.

"न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी श्वास मोकळा झाला होता. पंचशीला उशाशी बसली होती आणि रत्नम्मा समोर उभी होती. बँकेच्या विम्यानं जेवढी रक्कम शिल्लक होती तेवढीच मंजूर केली होती. बिल त्याहून बरंच पुढं गेलं होतं.

"आई, तू माझं कार्ड दाखवलंच नाहीस?"

"फसवणुकीत नाव जाईल गं माझं. तुझी नोकरी जाईल."

रत्नम्मा स्टूल ओढून बसली. मूळची देगलूरची, बोलणं सावकाश. "मावशी, एकच बिल दोन्ही विम्यांकडून पुरतं वसूल केलं, तर ती फसवणूक. पहिल्या पॉलिसीनं दिलं ते वजा करायचं, उरलेलंच दुसरीकडं मागायचं. पहिलीनं किती दिलं त्याचं पत्र अन् बिलाच्या नकला जोडायच्या. दोन्ही विमा कंपन्यांना एकमेकींची माहिती द्यायची. लपवायचं तेवढं न्हाई."

"पहिलं कुणाकडं जायचं, हे कोण ठरवतं?"

"तुम्हीच."

"पण मी तर काल न्हाई म्हणाले."

रत्नम्मानं कोरा कागद पुढं ओढला. "ते आज लेखी दुरुस्त करू. काल तुम्हाला धड श्वास तरी घेता येत होता का?"

उरलेले पैसे पंचशीलानं भरले आणि मग कंपनीच्या विम्याकडं मागितले. नांदेडातच विष्णुपुरी भागात आईला एक खोली भाड्यानं घेऊन दिली. सुट्टी संपल्यावर ती पुण्याला गेली. भामाबाई तिथून डायलिसिसला जायच्या. अनोळखी नंबरचा फोन आला की तो विमावाल्यांचाच असणार म्हणून त्या उभं राहूनच घ्यायच्या. विमावाल्यांनी एकदा विचारलंच, दुसरी पॉलिसी नाही असं आधी का सांगितलं होतं? भामाबाईंनी खरं ते सांगितलं: भ्याले होते. बऱ्याच दिवसांनी पैसे आले. हातमोजे, कापूस असल्या गोष्टींचे तेवढे कुणीच दिले नाहीत.

पुढच्या खेपेला पंचशीला आली तेव्हा त्यांनी विचारलं, "ही तुझी पॉलिसी तुझ्या नोकरीपुरतीच का गं?"

"हो."

मग तिनं सांगितलं की राजीनामा द्यायचं ठरलं होतं, दुसरीकडं बरी नोकरी मिळत होती. पण तिथल्या विम्यात आईवडील बसत नव्हते. नवी पॉलिसी घ्यावी तर जुन्या दुखण्याला काही वर्षं थांबा म्हणतात.

"मग?"

"मग काय, तूर्त नाही सोडत."

त्या दिवसापासून भामाबाईंना पकडलं जाण्याची भीती राहिली नाही. पण मुलीचा फोन आला की स्वतःच्या तब्येतीचं सांगायच्या आधी त्या विचारायच्या, "ऑफिसात सगळं ठीक हाय ना?" आणि उत्तर येईपर्यंत फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवायच्या.