खालच्याला आधी हो म्हणायचं

आबांची चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या किती जिवांना त्यांनी बाहेर काढलं याची मोजदाद नाही. दाराच्या फटीला तोंड लावून ते एकाच सुरात सांगायचे, "घाबरू नका. दाराशी झटापट करू नका. आलोच, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं कधी कधी तासभर चालायची, ही गोष्ट वेगळी.

आता मात्र आबाच अडकले होते. गुडघ्यांनी संप पुकारलेला, घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद. नवे मेकॅनिक यायचे, फोटो काढून जायचे. "फोटो काढून लिफ्ट चालते होय? लग्न जमवायचंय का तिचं?" आबा करवादायचे, आणि पुन्हा संगणकासमोर बसायचे.

संगणक सुनेचा. ती घरी बसून पुस्तकांच्या सूची करायची. म्हणजे जाड ग्रंथाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी यादी. मागच्या वर्षी 'तुमचं पार्सल परत गेलं, तपशील सोबत' अशी एक ईमेल आली. तिनं फाईल उघडली आणि व्हायरसनं दीड महिन्याचं काम गिळलं. त्या दिवशी आबांनी तिथं खुर्ची टाकली, ती आजतागायत. पासवर्ड त्यांच्याकडे. सकाळी चहाआधी व्हायरसविरोधी प्रोग्रॅमची तपासणी. आणि पाठवणाऱ्याला फोन केल्याशिवाय एकही फाईल उघडायची नाही.

"आबा, उघडता का?"

"कोणाची आहे?"

"संपादकांची."

"फोन लावतो."

मग फोन. "नमस्कार साहेब. एक फाईल आलीय, ती तुम्हीच पाठवलीत ना?"

पलीकडून नाकातला आवाज, "आबा, सव्वादहाला विचारलंत की."

"ती वेगळी. ही पावणेअकराची."

त्यांच्या मागं कुणीतरी फिसकन हसायचं. सून भिंतीकडे बघत उभी राहायची, शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखी. नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं तर तो बूट घालता घालता म्हणायचा, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका." पेन ड्राइव्हलाही घरात बंदी. आबांच्या मते ती चोरवाट होती, "दहा यंत्रांत तोंड घालून येते ती."

या वेळी काम होतं झाडांवरच्या सहाशे पानी ग्रंथाचं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सूची गेली नाही तर पुस्तक तिच्याविना छापलं जाणार होतं आणि पुढचं काम दुसरीकडे. गुरुवारी सकाळी सून शेवटच्या अक्षरांपर्यंत पोचली आणि भाजी आणायला खाली उतरली.

तेवढ्यात ईमेल आली. पाठवणारा 'वरचा'. हा आबांचा जुना जोडीदार. तो वर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत, आबा खाली खड्ड्यात. त्यावरून एक 'वरचा', एक 'खालचा'. विषय लिहिला होता, 'आपले जुने फोटो.' आबांचा जीव सुपाएवढा झाला. पण नियम म्हणजे नियम.

"वरच्या, फाईल तू पाठवलीस?"

"हो हो, मीच. उघड बिनधास्त."

आबांनी उघडली. फोटो कुठला, फायलींची नावं एकेक करून गिचमिड व्हायला लागली. आबांनी इंटरनेटची वायर ओढली, वीज तोडली आणि हात मांडीवर ठेवून बसले. मग पुन्हा फोन लावला.

"अरे, मला ईमेल करता येते कुठे?" वरचा म्हणाला. "खातं नातीनं काढून दिलंय, मी उघडलंही नाही कधी."

"मग हो का म्हणालास?"

"तू खालून विचारलंस. खालच्याला आधी हो म्हणायचं, त्याचा धीर सुटू द्यायचा नाही, मग बघायचं. तूच शिकवलंस की मला."

आबांनी फोन ठेवला. आपलं 'आलोच, दोन मिनिटं' आतल्या माणसाला कसं ऐकू जात असेल, याचा त्यांनी चौतीस वर्षांत विचार केला नव्हता.

सून जिने चढून धापा टाकत आली. संगणकाचा काळा पडदा बघितला, मग आबांना.

"मी उघडली," आबा म्हणाले. "फोन करून उघडली."

ती आत गेली आणि शिवणाच्या डब्यातून पेन ड्राइव्ह घेऊन आली. "रोज तुम्ही आंघोळीला गेलात की नक्कल करून ठेवते. कालपर्यंतचं आहे. आज सकाळचं गेलं, 'श'पासून पुढचं."

आबांनी मान खाली घातली. मग एकदम हात आडवा केला. "या यंत्रात घालू नकोस. तेही खाईल."

"एवढं कळतं मला, आबा. शेजारच्या बाईंचा लॅपटॉप आणते."

ती दाराशी पोचली तरी आबा त्याच खुर्चीत, पडद्यासमोर ताठ.

"घाबरू नका," ती थेट त्यांच्या सुरात म्हणाली. "दाराशी झटापट करू नका. आलोच, दोन मिनिटं."

आबांना हसू आलं नाही. लॅपटॉप आला तेव्हा ते खुर्चीवरून उठून बाजूच्या स्टुलावर बसले होते, गुडघे कुरकुरत असतानाही. मांडीवर तिनं खुणा केलेली ग्रंथाची छापील पानं होती आणि वर तिला द्यायची पासवर्डची चिठ्ठी.

"शमी," ते वाचू लागले, "पान चारशे बारा."