गळ्यात यंत्र, अंगाला हळद

गेल्या वर्षी माझ्या काळजाने ठोका चुकवायला सुरुवात केली. मी आशागडला घरीच ब्लाउज शिवते. मशीनवर बसले असताना छातीत अचानक काहीतरी उसळायचं, क्षणभर सगळं थांबल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा धाडकन सुरू. दर वेळी वाटायचं, संपलं आता.

तलासरीला दिलेली माझी थोरली बहीण फोनवर म्हणाली, "तुझ्या अंगात आम्ल वाढलंय. रोज लिंबू-सोडा पी, रक्त सुधारेल." मी बरेच दिवस प्यायले. ढेकर भरपूर आले, धडधड तशीच राहिली.

शेवटी नवऱ्याने डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कार्डिओग्राम चांगला आला. तरी त्यांनी छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, वायरी एका छोट्या यंत्राला जोडल्या आणि ते पिशवीत घालून माझ्या गळ्यात अडकवलं. उद्यापर्यंत काढायचं नाही, धडधडलं की बटण दाबायचं.

"काय काय बंद ठेवू?" मी विचारलं.

"फक्त अंघोळ. बाकी नेहमीसारखं खा, प्या, फिरा. हृदय काय करतं ते बघायचंय."

त्याच संध्याकाळी बहिणीच्या मुलीची हळद होती. या छातीपायी जायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. आता डॉक्टरांनीच फिरायला सांगितलं म्हटल्यावर मी घरी येऊन सरळ पिवळी साडी नेसले.

"त्या नेहमीसारखं म्हणाल्या," चारोटीला मोटारसायकल थांबवून हे म्हणाले. "तू नेहमी नाचतेस का?"

"नाचू नका असं कुठे म्हणाल्या?"

मी यांच्याकडून गरम भजी वसूल केली, वर कडक चहा.

मांडवात बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. कुणाला वाटलं, माइक आहे. बहिणीच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकींनी पिशवीपाशी तोंड नेलं आणि गंभीरपणे सांगितलं, "डॉक्टरीणबाई, माझे गुडघेही दुखतात." तिथून जे हसू सुरू झालं ते आवरेना. पिशवीला तान्ह्या पोरासारखं सांभाळत बायकांनी मला हळद फासली. बँडवाल्यांनी गुजराती गाणं धरलं आणि स्वतःच्या लग्नात मान वर न केलेली मी रिंगणात शिरले. इतकी फिरले की मांडवच फिरायला लागला. "पडशील गं," म्हणत बहिणीने माझे दोन्ही हात धरले आणि तीही फिरू लागली. छाती धाडधाड चालली होती, पण तालात. एकही ठोका चुकला नाही. त्या आनंदात मी अजून एक गाणं नाचले.

मग वडे आणि कोंबडीचा रस्सा. पोट तुडुंब भरलं तशी मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले, आणि ते आलं. उसळी, क्षणभर थांबणं, पुन्हा उसळी. मी बटण दाबलं. मागोमाग आलेली बहीण पांढरीफटक पडली. "नाचलीस म्हणून झालं." तिने मला उठवून बसवलं. हळूहळू ठोके जागेवर आले.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर एका जागी बोट ठेवलं.

"संध्याकाळी काय करत होतात?"

"नाचत होते," मी खाली बघून म्हणाले.

"तेव्हा हृदय जोरात, पण अगदी नीट चाललंय. तुम्हाला चुकल्यासारखे वाटतात ते खरं तर जादा ठोके, ते पडलेत जेवून आडव्या झाल्यावर."

"म्हणजे रक्त आंबट झालंय?"

"नाही. रक्तातलं आम्ल शरीर स्वतः सांभाळतं, खाण्यापिण्याने ते असं आंबट होत नाही. तो सोडा बंद करा. पण अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते. पोट फुगलं, आंबट वर आलं की कधीकधी ठोके चाळवतात. प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही, म्हणून तर यंत्र लावलं. तुमचे ठोके धोक्याचे दिसत नाहीत. चक्कर येऊन पडलात किंवा दम लागला तर मात्र लगेच या."

"आणि नाचायचं?"

"नाचा की. जेवायच्या आधी."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी हसत सुटले. हेही हसू लागले. कशाला हसतोय, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. औषधाच्या दुकानदाराने यांच्याकडे प्रश्नार्थक बघितलं. "बायको धडधाकट निघाली," हे म्हणाले.

काही आठवडे पित्ताच्या गोळ्या घेतल्या. चहा कमी केला, तिखट कमी केलं, रात्रीचं जेवण दिवेलागणीला आलं. एखादा ठोका अजून चुकतो, पण घाबरवत नाही. जेवण झालं की आम्ही दोघं रस्त्याने चालायला निघतो. इतक्या वर्षांत आम्ही असे कधी फिरलो नव्हतो. ओळखीचे थांबून विचारतात, कुठे निघालात?

"वडे जिरवायला," हे सांगतात, घरी भाजी-भाकरी झालेली असली तरी.